कच्च्या भाज्यांचं सूप आणि रस: गाळायचं की सगळंच प्यायचं?

कोवळीक

नमस्कार मंडळी,
गेले दोन महिने रोज सकाळी गाजर, बीट आणि काकडीचा रस करून पितेय. चव आवडते, तरतरी वाटते, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक ग्लास रसासाठी चार गाजरं, अर्धं बीट आणि एक काकडी लागते आणि मागे वाडगाभर चोथा उरतो. तो टाकताना रोज जीवावर येतं. एवढी भाजी नुसती खाल्ली असती तर पोट भरलं असतं, आणि रस प्यायल्यावर तासाभरात मला परत भूक लागते.

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीकडे टोमॅटो आणि ढोबळी मिरचीचं थंड, अजिबात न शिजवलेलं सूप प्यायले आणि वेडी झाले! घरी येऊन मिक्सरमध्ये करून पाहिलं तर वर बोटभर फेस, चव कडवट, आणि कांद्याचा असा उग्र दर्प की अर्धं टाकावं लागलं.

तर प्रश्न असे. रस गाळून प्यावा की सगळंच वाटून सूपसारखं प्यावं? त्यासाठी ज्युसर घेणं गरजेचं आहे का? आणि कोणत्या भाज्या कच्च्या चालतात, कोणत्या नाही? नेटवर अमृत म्हणणारेही भेटतात आणि विष म्हणणारेही, म्हणून ज्यांनी स्वतः बरीच वर्षं केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

निवांत_दुपार

मी सहा वर्षं रोज भाज्यांचा रस पितो. गाळूनच. न गाळता घशाखाली उतरत नाही. गाजर, दुधी, पालक, आलं, लिंबू असा माझा ठरलेला रस. शरीर आतून साफ होतं आणि कच्च्या भाजीतले जिवंत एन्झाइम्स मिळतात, शिजवलं की ते सगळं मरतं. कोल्ड प्रेस ज्युसर घ्या, साध्या ज्युसरमध्ये रस गरम होऊन व्हिटॅमिन्स जातात.

पाटा_वरवंटा

देवाने बत्तीस दात दिलेत ते काय फोटोत हसायला? गाजर हातात घ्यायचं आणि कडाकडा खायचं. मिक्सर धुवायला नको, चोथा टाकायला नको, धागा काढायला नको :)

कोवळीक

@पाटा_वरवंटा, धागा काढला नसता तर तुम्ही भेटला नसता ना! सकाळी सातला घरातून निघायचं असतं, चार गाजरं चावायला अर्धा तास जातो हो.

सुतावरून_स्वर्ग

यंत्रांबद्दल मी लिहितो, माझ्याकडे तिन्ही प्रकार होऊन गेलेत.

साधा ज्युसर म्हणजे सेंट्रिफ्युगल. त्यात किसणीसारखी चकती आणि जाळीची टोपली मिनिटाला हजारो फेरे घेते, भाजी किसली जाते आणि रस जाळीतून बाहेर फेकला जातो. गाजर, बीट, काकडीला एकदम छान. पालक, कोथिंबीर, पुदिना टाकला तर बराचसा पाला तसाच ओला ओला चोथ्यात जातो. कोल्ड प्रेस किंवा स्लो ज्युसरमध्ये जाडा स्क्रू असतो, तो मिनिटाला ४० ते ८० च्या आसपास फेरे घेत भाजी चिरडून पिळतो. रस जास्त निघतो, फेस कमी, पाल्याला उत्तम. पण वेळ लागतो आणि गाजराचे तुकडे बारीक करून द्यावे लागतात.

आता ते गरम होण्याचं. @निवांत_दुपार, मीही तेच ऐकून स्लो ज्युसर घेतला होता, मग एकदा स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेऊन बसलो. गाजर २४ अंश होतं, साध्या ज्युसरमधून रस २७ ला बाहेर आला. तीन अंशांनी काही होत नाही. खरा फरक हवेचा असतो. वेगाने फिरताना रसात हवा मिसळते म्हणून फेस येतो, रंग लवकर बदलतो आणि रस ठेवला तर पटकन उतरतो. लगेच पिणार असाल तर कोणत्याही यंत्राचा चालतो.

आणि यंत्र घेण्याआधी धुणं कसं आहे ते बघा. जाळीत गाजराचे तंतू वाळले की दगड होतात. रस ग्लासात ओतला की आधी जाळी नळाखाली धरून ब्रशने घासायची आणि मग प्यायचं. ज्यांना हे जमत नाही त्यांचे ज्युसर माळ्यावर जातात, मी असे चार पाहिलेत.

@कोवळीक, तुम्हाला ज्युसरची गरज नाही असं माझं मत. मिक्सरमध्ये अर्धी वाटी पाणी घालून वाटा आणि मलमलच्या धुतलेल्या कापडातून पिळा. किंवा पिळूच नका.

रानभूल

दुधीचं नाव निघालं म्हणून सगळ्यात आधी हे लिहितेय, बाकी चर्चा नंतर.

दुधीचा रस करण्याआधी दुधीचा तुकडा जिभेला लावून बघायचा. प्रत्येक वेळी, प्रत्येक दुधीचा, दोन्ही टोकांचा. जरा जरी कडू लागला तर थुंकायचा, चूळ भरायची आणि अख्खा दुधी फेकायचा. दुधी, काकडी, दोडका, झुकिनी, भोपळा या एकाच कुळातल्या भाज्या, आणि यात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं तयार होऊ शकतात. ती शिजवूनही जात नाहीत. लिंबू, मीठ, मध घालून कडूपणा झाकला जातो, विष तसंच राहतं. भारतात कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०११ मध्ये यावर तज्ज्ञांची समिती नेमून कडू रस पिऊ नका असं स्पष्ट सांगितलंय. २०१५ मध्ये जर्मनीत घरच्या बागेतल्या कडू झुकिनीने एक वृद्ध गृहस्थ गेले.

माझ्या मामांनी "कडू आहे म्हणजे औषधी असणार" म्हणून ग्लास संपवला होता. अर्ध्या तासात उलट्या, मग उलटीत रक्त, बीपी कोसळलेलं, चार दिवस आयसीयूत. वाचले. पण आमच्या घरात तेव्हापासून दुधीचा रस बंद झाला तो झालाच.

बाग करते म्हणून अजून एक सांगते. वेलाला पाण्याचा ताण पडला, ऊन फार झालं, की कडूपणा वाढतो, आणि घरी धरलेल्या बियांमध्ये रानटी जातीचा संकर झाला असेल तर अख्खा वेलच कडू निघतो. वरून बघून काहीही कळत नाही, फक्त चवीला कळतं.

निवांत_दुपार

@रानभूल बापरे. सहा वर्षांत कधी कडू लागला नाही, पण कधी आधी चाखूनही पाहिला नाही हे खरं. उद्यापासून चाखून बघणार. मनापासून धन्यवाद, बायकोलाही वाचायला दिलं.

आहारवही

रानभूलचा प्रतिसाद धाग्याच्या माथ्यावर चिकटवून ठेवायला हवा.

मी आहारतज्ज्ञ आहे, रोज कोणी ना कोणी हेच विचारतं, तर जरा सविस्तर लिहिते.

एन्झाइम्स: भाजीतले एन्झाइम्स ही प्रथिनं असतात. पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की तिथे पोचल्यावर त्यातली बहुतेक मोडतात आणि इतर प्रथिनांसारखी पचतात. आपलं पचन आपल्या शरीराने बनवलेल्या एन्झाइम्सवर चालतं. आणि आतून साफ करायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं अहोरात्र करतात, रस प्यायलो नाही तरी. म्हणून रस पिऊ नये असं नाही, पण ज्या कारणासाठी पितोय ते कारण खरं असावं एवढंच.

कच्चं चांगलं की शिजवलेलं याचं उत्तर भाजीगणिक बदलतं. व्हिटॅमिन सी उष्णतेने नासतं आणि पाण्यात उतरतं, त्यामुळे ढोबळी मिरची, टोमॅटो, कोबी, कोथिंबीर कच्ची खाल्ली तर ते जास्त मिळतं. उलट गाजरातलं बीटा कॅरोटीन पेशींच्या भिंतींत अडकलेलं असतं. नुसतं गाजर चावून त्यातलं थोडंच अंगी लागतं, बारीक वाटलं किंवा शिजवलं की जास्त, आणि सोबत थोडं तेल किंवा तूप असलं तर आणखी जास्त, कारण ते स्निग्धात विरघळतं. टोमॅटोतल्या लाल लायकोपीनचंही तसंच. म्हणून रस प्या किंवा सूप, त्यात चमचाभर तेल किंवा चार भिजवलेले बदाम घाला.

गाळण्याबद्दल: गाळलं की चोथ्याबरोबर बराचसा तंतू जातो. तंतू पोट भरल्याची जाणीव देतो, आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाणं असतो आणि साखर हळूहळू शोषली जाते. कोवळीक, तुम्हाला तासाभरात भूक लागते त्याचं कारण हेच. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा दिवसात खायच्या फळं-भाज्यांच्या पाच वाट्यांमध्ये १५० मिलिलिटर रस ही एकच वाटी धरते, मग तुम्ही लिटरभर प्या. मधुमेह असेल तर गाजर-बीटचा गाळलेला रस रोज पिऊ नका, वाटून न गाळता घ्या आणि प्रमाण ठरवून घ्या.

तिखटजाळ

आता सुपावर येऊ या, माझा जिव्हाळ्याचा विषय!

कोवळीक, तुम्ही प्यायलात ते बहुतेक स्पेनच्या अंदालुसियातलं गास्पाचो. कच्च्या सुपांमधलं सगळ्यात प्रसिद्ध. गंमत म्हणजे टोमॅटो आणि मिरची अमेरिका खंडातून युरोपात येण्याआधी ते नुसतं शिळा पाव, लसूण, तेल, व्हिनेगर आणि पाणी कुटून करायचे, टोमॅटो नंतर शिरला.

माझी पद्धत अशी: एक किलो अगदी पिकलेले, दाबल्यावर मऊ लागणारे टोमॅटो, एक काकडी सोलून (टोक चाखून, आता तर नक्कीच), अर्धी ढोबळी मिरची, लसणीची एकच पाकळी आणि तीही मधला हिरवा कोंब काढून, पावाचे दोन तुकडे, मीठ, दोन चमचे व्हिनेगर. सगळं चिरून मीठ लावून अर्धा तास झाकून ठेवायचं. मिठाने भाज्यांना पाणी सुटतं आणि पाव त्यात भिजतो, वेगळं पाणी घालावं लागत नाही. ही अर्ध्या तासाची पायरी गाळू नका, सगळी चव तिथेच तयार होते. मग वाटायचं, आणि शेवटी मिक्सर हळू फिरवत पाव वाटी ऑलिव्ह तेल बारीक धारेने सोडायचं. रंग लालचा केशरी होतो आणि सूप मखमलीसारखं दाट होतं. मग जाड गाळणीतून फक्त साली आणि बिया काढायच्या आणि तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवायचं. गार पदार्थाची चव जिभेला कमी कळते, म्हणून वाढण्याआधी मीठ आणि आंबट पुन्हा बघायचं.

तुमचं कडवट का झालं असावं ते सांगते. पहिलं, कांदा. कच्चा कांदा चिरला तर ठीक, मिक्सरमध्ये त्याच्या सगळ्या पेशी फुटतात, गंधकाची द्रव्यं सुटतात आणि उग्र होतो. मी सुपात वाटतच नाही, हवाच असेल तर बारीक चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवून, निथळून वरून घालते. दुसरं, टोमॅटोच्या बिया फार वेळ दळल्या गेल्या तरी कडवट होतं. तिसरं, ऑलिव्ह तेल खूप वेळ जोरात फिरवलं तर तेही कडवट होतं, म्हणून ते शेवटी. आणि फेस हा वेगाचा, थांबून थांबून फिरवा आणि वाटल्यावर दहा मिनिटं ठेवा, वर आलेला फेस चमच्याने काढा.

कोवळीक

तिखटजाळ, मी अख्खा कांदा घातला होता, तीन मिनिटं सलग फुल स्पीडवर!! सगळं उमगलं.

पाटा_वरवंटा

अख्खा कांदा कच्चा! मग त्या दिवशी ऑफिसात मीटिंग लवकर संपली असेल :)

शून्यशेष

माझा अनुभव थोडा वेगळा आणि दुखरा आहे.

मी आठ महिने रोज सकाळी पालक-बीटची हिरवीलाल स्मूदी प्यायचो, मोठी जुडी एका वेळी. वजन उतरलं, खूश होतो. मग एका रात्री कमरेत कळ आली ती अशी की जमिनीवर लोळत होतो. मूतखडा, कॅल्शियम ऑक्झलेटचा. डॉक्टरांनी खाणंपिणं विचारलं आणि पालक ऐकून मान हलवली. पालक आणि बीटची पानं यांत ऑक्झलेट भरपूर असतं, बीटच्या कंदातही बरंच. शिजवून पाणी टाकलं की बराच भाग निघून जातो, कच्चं वाटून प्यायलं तर सगळं पोटात. त्यात मी पाणी कमी प्यायचो, तेही कारण असणार, एकट्या पालकाला दोष देत नाही.

आता पालक उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून, पाणी फेकून, मग वाटतो आणि त्यात दही घालतो. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं त्यामुळे रक्तात कमी जातं, हेही त्यांनीच सांगितलं. कच्च्या हिरव्यासाठी लेट्यूस, कोथिंबीर, पुदिना वापरतो. ज्यांना आधी खडा होऊन गेलाय त्यांनी कृपा करून जुड्याच्या जुड्या कच्च्या पिऊ नका.

एक_वाचक

+१ शून्यशेष. आमच्याकडे मेव्हणे बीटचा रस पहिल्यांदा प्यायले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून "रक्त! रक्त!" ओरडत बाहेर. थेट डॉक्टरकडे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काल बीट खाल्लंत का :)

आहारवही

@एक_वाचक, हे काही जणांनाच होतं, साधारण दहातल्या एकाला, बीटचा रंग पूर्ण न मोडता लघवीत उतरतो. घाबरायचं नाही. पण बीट न खाता लाल दिसलं तर मात्र थेट दाखवायचं. तसंच रोज भरपूर गाजराचा रस पिणाऱ्यांचे तळहात आणि तळपाय पिवळसर केशरी होतात. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर ती कावीळ नाही, गाजर कमी केलं की काही आठवड्यांत उतरतं.

शून्यशेष यांनी लिहिलंय ते अगदी बरोबर. त्याला जोडून: रक्त पातळ करणारी वॉरफरिन गोळी चालू असेल तर हिरव्या पाल्याचं प्रमाण अचानक वाढवू किंवा कमी करू नका, पाल्यातलं व्हिटॅमिन के त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर भाज्यांच्या रसातलं पोटॅशियम साठून राहतं, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटही नको. बीटच्या रसाने बीपी थोडं उतरतं, त्यातल्या नायट्रेटमुळे, म्हणून बीपीची गोळी घेणाऱ्यांनी रोजचं सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालावं.

चिमुकलीची_आई

माझी लेक सात महिन्यांची आहे. गाजर-बीटचा ताजा रस चमच्याने दिला तर चालेल का? सासूबाई म्हणतात रक्त वाढतं, मला खात्री वाटत नाही.

आहारवही

चिमुकलीची_आई, रस नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ पासून एक वर्षापर्यंत फळांचा रस देऊच नका असं सांगितलंय आणि भाजीच्या रसालाही तोच विचार लागू पडतो, पोट भरतं आणि दुधाची जागा जाते. गाजर मऊ शिजवून कुस्करून द्या, ते छान. बीट आणि पालकात नायट्रेट जास्त असतं, वाटून ठेवून दिलं की जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद त्याने कमी होऊ शकते. सर्वांत धोका पहिल्या तीन महिन्यांत, पण पुढेही ताजं करा, लगेच द्या, उरलेलं ठेवू नका. आणि सासूबाईंना सांगा की बीटात लोह फार नसतं, लाल रंग बीटचा स्वतःचा आहे, रक्ताशी त्याचा संबंध नाही.

हिरवा_चाफा

मी मोड आलेले मूग आणि मेथी कच्ची घालते सुपात, खूप मस्त लागते. कोणी करतं का?

रानभूल

हिरवा_चाफा, मोड कच्चे न खाल्लेले बरे. मोड येण्यासाठी लागणारा ओलावा आणि ऊब जिवाणूंनाही तितकीच आवडते, आणि बियांच्या फटीत बसलेले जिवाणू धुऊन निघत नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय या जिवाणूची मोठी साथ आली, पन्नासहून जास्त माणसं गेली. दोन-तीन मिनिटं वाफ द्या, कुरकुरीतपणाही राहतो. राजमा तर भिजवलेला असला तरी कच्चा वाटू नका, तो किमान दहा मिनिटं खळखळून उकळायलाच हवा.

हिरवा_चाफा

अरे बापरे, हे अजिबात माहीत नव्हतं. वाफ देणार आता.

निवांत_दुपार

धाग्याने माझ्या सहा वर्षांच्या सवयींची पार उलटतपासणी चालवलीय :) पण एक विचारतो, धुता कसं तुम्ही सगळे? मी मिठाच्या पाण्यात ठेवतो.

रानभूल

वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून, हे सगळ्यात महत्त्वाचं. कंदांना ब्रश. पालेभाजीची जुडी सोडून, मुळाकडचा भाग कापून, एकेक पान सुटं करून. पट्टकृमीची अंडी, माती, हे चोळूनच निघतं, लिंबू किंवा मिठाच्या पाण्यात नुसतं बुडवून मरत नाही. फवारणीचं औषध काढायला खायचा सोडा बरा, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सफरचंदांवर करून पाहिलं होतं, सोड्याच्या सौम्य पाण्यात १२ ते १५ मिनिटांत सालीवरची दोन कीटकनाशकं निघाली, आत मुरलेलं मात्र निघालं नाही. मी अर्धा लिटर पाण्याला एक छोटा चमचा सोडा घालते आणि मग परत साध्या पाण्याने धुते. गरोदर बायका आणि खूप आजारी माणसांसाठी मी कच्चं करतच नाही, वाफवून वाटते.

सुतावरून_स्वर्ग

साठवण्याबद्दल राहिलंच. गाजराचा रस आंबट नसतो, त्यामुळे तो बाहेर ठेवणं धोक्याचं. २००६ मध्ये अमेरिका आणि कॅनडात बाटलीबंद गाजराच्या रसातून बोट्युलिझम (जिवाणूच्या विषाने होणारी जीवघेणी विषबाधा) झाला होता, नीट थंड न ठेवल्यामुळे. फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आत ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

अजून एक बारीक गोष्ट. काकडीत व्हिटॅमिन सी मोडणारा एन्झाइम भरपूर असतो. काकडी आणि टोमॅटो एकत्र वाटून ठेवून दिलं तर टोमॅटोतलं व्हिटॅमिन सी काकडीच खाऊन टाकते. लिंबू किंवा व्हिनेगरच्या आंबटपणाने तो मंदावतो. म्हणजे गास्पाचोत व्हिनेगर उगाच नाही!

पाटा_वरवंटा

म्हणजे निवांतरावांना जिवंत एन्झाइम मिळाला शेवटी, पण तो काकडीचा निघाला आणि त्याने व्हिटॅमिनच खाल्लं :)

निवांत_दुपार

हाहाहा! मानलं वरवंटेसाहेब.

तिखटजाळ

चोथ्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून अवांतर: गाजर-बीटचा चोथा मी बर्फाच्या ट्रेमध्ये दाबून गोठवते. पीठ मळताना, ऑमलेटमध्ये, शिजवलेल्या सुपाला दाटपणा आणायला दोन-दोन वड्या टाकते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवत नाही, बर्फाळ वास लागतो.

आणि ज्यांना टोमॅटो चालत नाही त्यांच्यासाठी अजून दोन कच्ची सुपं. एक बल्गेरियाकडचं तारातोर: काकडी किसून, फेटलेलं दही, ठेचलेली लसूण, शेपू, अक्रोडाचा चुरा, थोडं तेल आणि गार पाणी. मिक्सरही लागत नाही. दुसरं स्पेनचंच पांढरं सूप: रात्रभर भिजवून सोललेले बदाम, लसूण, पाव, व्हिनेगर आणि तेल वाटून, वरून द्राक्षं. बदाम इतके वाटायचे की बोटांना रवा लागता कामा नये.

कोवळीक

तीन आठवड्यांनी परत आलेय, धागा वर काढते.

ज्युसर घेतला नाही. रस आठवड्यातून दोनदाच, छोटा ग्लास, लिंबू पिळून आणि केल्या केल्या. चोथ्याच्या वड्या गोठवते, परवा ऑमलेटमध्ये टाकल्या तर मुलाने न विचारता खाल्लं. बाकी दिवस सूप. रात्री भाज्या चिरून मीठ लावून फ्रिजमध्ये ठेवते (अर्ध्या तासाच्या जागी रात्रभर, चव आणखी छान होते), सकाळी वाटायचं, चमचाभर तेल, गाळायचं नाही. साली मला चालतात असं लक्षात आलं. साडेअकरापर्यंत भूक लागत नाही, हा सगळ्यात मोठा फरक. बाबांना मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांना मी कौतुकाने रस पाजणार होते, आहारवहींचा प्रतिसाद वाचून थांबले आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नकोच म्हणून सांगितलं. तुमचे किती आभार मानू कळत नाही.

आणि परवा एक काकडी खरंच कडू निघाली! देठाच्या टोकाचा तुकडा जिभेला लावला आणि रानभूल आठवल्या. पूर्ण फेकली.

आता तारातोर करायचंय. शेपू घरात कोणाला आवडत नाही, पुदिना चालेल का?

तिखटजाळ

चालेल की. फक्त पानं हाताने तोडून अगदी शेवटी घाला. मिक्सरला लावलीत तर काळपट पडतात आणि दह्याला कडसर चव येते.

पाटा_वरवंटा

काल गुपचूप गास्पाचो केलं. कांदा न घालता. बायकोने दुसरा वाडगा मागितला. बत्तीस दातांना एक दिवस सुट्टी.

तिखटजाळ

वरवंटे, पाकळीतला कोंब काढला होता ना?

पाटा_वरवंटा

काढला होता. आणि अर्धा तास मीठ लावूनही ठेवलं होतं.